‘चेअरमन’ काढा, ‘मुकादम’ ठेवा

वाचक लिहिते :

“ताई, मी २६ वर्षांची. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. ऊसतोडीला येणाऱ्या बायकांवर आम्ही नऊ जणांनी एक एकांकिका बसवली आहे. लेखन-दिग्दर्शन माझं. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता पास करून आणली, एकही कट न लागता. गावातल्या नाट्यमहोत्सवात पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला प्रयोग लागलाय. आता आयोजक संस्थेतून फोन येतायत. ‘चेअरमन’ हा शब्द काढा, तिथे ‘मुकादम’ म्हणा. गर्भपिशवी काढण्याबद्दलची तीन वाक्यं गाळा. आणि दोरीवर डागाचं फडकं वाळत घातलेलं दाखवता ते नको, पहिल्या रांगेत साहेब सहकुटुंब बसतात. फोन करणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘माझं काही नाही हो, वरून आलंय. गोंधळ झाला तर आम्ही जबाबदार नाही.’ वडील म्हणतात, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. आमच्यातल्या एका मुलाचे वडील इथल्याच साखर कारखान्यात आहेत. तीन वाक्यांसाठी सगळं पणाला लावायचं का? आणि काढली, तर मी भित्री ठरते का? – एक दिग्दर्शिका”

मैत्रिणी,

तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दापाशी अडखळले. ‘चेअरमन’पाशी नाही, ‘फोन’पाशी. तुला आलेली एकही सूचना कागदावर नाही. कुणाची सही नाही, तारीख नाही, कारण नाही. ‘वरून आलंय’ म्हणजे कुणाकडून, हे तू विचारलं नाहीस, आणि विचारलं असतंस तरी उत्तर मिळालं नसतं.

तेव्हा पहिलं काम. आज रात्री जेवण झालं की बस आणि आयोजक संस्थेच्या सेक्रेटरींना पत्र लिही. लांबलचक नको, भाषण तर मुळीच नको. एवढंच : “महोदय, आमच्या एकांकिकेत पुढील तीन बदल करावेत असं आपल्या संस्थेच्या वतीने आम्हाला दूरध्वनीवरून कळवण्यात आलं आहे. (इथे तिन्ही जसेच्या तसे लिही, ‘चेअरमन’ आणि ‘मुकादम’सकट.) संहिता मंडळाने विनाकट मंजूर केलेली असून प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. शब्द बदलायचे तर बदललेली संहिता मंडळापुढे पुन्हा ठेवावी लागेल. तरी हे बदल कोणत्या कारणासाठी हवे आहेत आणि ते कोणी सुचवले, हे कृपया लेखी कळवावं.” खाली तुझी सही आणि गटातल्या ज्यांना करायची असेल त्यांची. एक प्रत हातोहात देऊन पोच घे, एक ईमेलने पाठव. आणि पुढचा फोन आला की गोड आवाजात म्हणायचं, “हो काका, तेवढं पत्रावर देता का?”

हसू नकोस. या एका वाक्याने किती नाटकं वाचली असतील याची मोजदाद कुठे नाही, पण माझा या वाक्यावर फार भरवसा आहे. जो माणूस फोनवर ‘काढा ते’ म्हणतो, त्याला तेच सहीनिशी लिहायचं झालं की घाम फुटतो. कारण लिहायचं म्हणजे कारण द्यावं लागतं, आणि कारण कागदावर उतरलं की ते किती हास्यास्पद आहे हे लिहिणाऱ्यालाच पहिल्यांदा दिसतं. “साहेबांना फडकं दिसू नये म्हणून” हे कोण लिहून देणार?

आणीबाणीनंतर शहा आयोगाने चौकशी केली तेव्हा हेच बाहेर आलं. वर्तमानपत्रांना काय छापू नका ते सांगणाऱ्या कितीतरी सूचना तोंडी होत्या, टेलिफोनवरून दिलेल्या. मागे माग नको, एवढीच त्यातली हुशारी. आणि ज्यांच्या हातात कागद होता ते काय करू शकले तेही बघ. मुंबईत ‘फ्रीडम फर्स्ट’ नावाचं छोटं इंग्रजी मासिक निघायचं, मिनू मसानी त्याचे संपादक. सेन्सॉरने अंकातला मजकूर अडवला, तेव्हा ते तो नकार घेऊन थेट उच्च न्यायालयात गेले. १९७६च्या फेब्रुवारीत, आणीबाणी ऐन भरात असताना, मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो मसानींच्या बाजूने. सगळ्या नियतकालिकांनी एकाच वाऱ्याकडे शिडं वळवावीत, एका रांगेत चालावं, एका सुरात बोलावं, हे पाहणं सेन्सॉरचं काम नव्हे, अशा अर्थाचं त्या निकालात लिहिलेलं आहे. फोनवरच्या ‘नको’ला घेऊन कुठल्या कोर्टात जायचं?

आता तुझ्या तीन गोष्टी. त्या सारख्या नाहीत, म्हणून एका सुतळीत बांधू नकोस.

फडक्याबद्दल वाचलं आणि मला ‘गिधाडे’ आठवलं. तू मराठी शिकवतेस, तेंडुलकर तुला माहीत असणारच, पण ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगतेस का? १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी ते नाटक मुंबईत उभं केलं. त्यात माणिकचा गर्भपात होतो आणि तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. सेन्सॉरचं म्हणणं, लाल डाग चालणार नाही. नाटकातला हिंसाचार, बापाला मारहाण करणारी पोरं, शिव्या, यांवरही वाद झालेच, पण मंडळाच्या डोळ्यांत खुपला तो बाईच्या लुगड्यावरचा लाल रंग. मग नाटकवाल्यांनी काय करावं? डाग निळा केला. आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगून टाकलं की सेन्सॉरच्या हुकमावरून डाग निळा दाखवतो आहोत, आपण तो लाल समजावा.

विचार कर, त्या प्रेक्षागृहात काय झालं असेल. एरवी तो डाग कुणी पाहिला असता, कुणी मान फिरवली असती. आता नऊशे माणसं अंधारात बसून एका निळ्या डागाची वाट बघतायत आणि प्रत्येक जण तो मनातल्या मनात लाल करतोय. मंडळाने डाग पुसायला सांगितला आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांत रंगवून बसलं. हुकूम पाळला आणि हुकूम पाळतोय हे प्रेक्षकांना सांगितलंही. या दोन्ही गोष्टी बरोबरीने केल्या यात त्यांची खुबी. नुसता हुकूम पाळून गप्प बसले असते, तर साडीवर एक विचित्र निळा ठिपका उरला असता, कुणालाच न कळणारा.

तेव्हा फडक्यापायी प्रयोग घालवू नकोस. फारच ताणलं तर फडकं काढ, दोरी ठेव. बायकोचं पात्र रोज त्या रिकाम्या दोरीला चिमटे लावतं आणि काढतं, असं कर. आणि प्रयोगाआधी तूच पुढे येऊन एक ओळ बोल, “इथे एक फडकं होतं.” बास. यातून तू भित्री ठरत नाहीस. पण तेही पत्राचं उत्तर आल्यावर, आधी नाही.

‘चेअरमन’ची गोष्ट वेगळी आहे. इथे मी हटून बसेन.

तुझ्या आयोजकांनी काय सुचवलंय ते नीट बघ. ‘चेअरमन’ गाळा असं ते म्हणत नाहीत, ‘मुकादम’ घाला म्हणतात. म्हणजे दोष नाहीसा करायचा नाही, तो एक पायरी खाली ढकलायचा. तुला हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे : मुकादम कारखान्याकडून उचल घेतो, तो ती कोयत्यांना वाटतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल फिटेपर्यंत फडातून हलायचं नाही. मुकादमही काही संत नसतो, पण तोसुद्धा साखळीतली एक कडी. साखळी ज्या खुर्चीपाशी सुरू होते ती पुसून टाकली की तुझं नाटक वाईट मुकादमाची गोष्ट होऊन बसतं. अशी नाटकं साहेबांना आवडतात. ते टाळ्या वाजवतील, डोळे पुसतील, पाचशेचं बक्षीसही देतील.

एखादी गोष्ट गाळणं आणि तिच्या जागी खोटं बसवणं यांत मी फरक करते. गाळलेल्या जागी प्रेक्षकाला निदान भोक दिसतं. आणीबाणी लागली आणि २८ जून १९७५ला ‘इंडियन एक्सप्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. वाचकाला कळायचं ते कळलं. पुढे सेन्सॉरने कोऱ्या जागांवरही बंदी घातली. काही न छापणंसुद्धा खुपत होतं, कारण ते बोलत होतं. खोट्या शब्दाला ती ताकद नसते. तो फटीत बसवलेल्या लांबीसारखा, वरून रंग दिला की भिंत अखंड दिसते.

आपल्या रंगभूमीला आडून बोलायची कला नवी नाही. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचं नाव एकदाही येत नाही. महाभारतातली गोष्ट, विराटाचा दरबार, द्रौपदी, भीम. पण १९०७ साली थिएटरात बसलेल्या माणसाला कीचक कोण, द्रौपदी कोण, हे कुणी सांगावं लागत नव्हतं. इंग्रजांनाही शेवटी कळलंच. १९१० साली नाटकावर बंदी आली, आणि लंडनच्या ‘टाइम्स’च्या व्हॅलेंटाइन चिरोल साहेबांना आपल्या पुस्तकात या नाटकाची दखल घ्यावी लागली. बंदी आली ती १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली. तो कायदा बंगालमधल्या नाटकांना वेसण घालायला आणला होता आणि इंग्रज गेल्यावरही सत्तर वर्षं आपल्या पुस्तकांत पडून होता. संसदेने तो रद्द केला तो आत्ता आत्ता, निकामी कायद्यांची अडगळ काढताना. लवकर जात नाहीत या गोष्टी.

म्हणून म्हणते, ‘चेअरमन’ हा शब्दच नको असा हट्ट ते लेखी धरून बसले, तर ‘मुकादम’ घालू नकोस. शब्दाच्या जागी थांब. नटीला तिथे गप्प कर. रंगमंचाच्या मागच्या बाजूला एक खुर्ची ठेव, टेबलक्लॉथ घातलेलं टेबल, पाण्याचा पेला, हार घातलेली रिकामी खुर्ची. जिथे तो शब्द येतो तिथे तिने फक्त वळून खुर्चीकडे बघायचं. तुमच्या गावात ती खुर्ची ओळखायला कुणाला शब्द लागणार आहे? (अर्थात पास झालेल्या संहितेत नवी वाक्यं घुसडू नकोस. खुर्ची ही वस्तू आहे, संवाद नाही, तरी मंडळाला एक ओळ कळवून ठेवलेली बरी.)

उरली गर्भपिशवीची तीन वाक्यं. ही गाळायची नाहीत. ती तुझ्या कल्पनेतली नाहीत, आणि हीच तुझी ढाल. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा पडतो, खाड्याचा दंड पडतो, म्हणून तिशीच्या आत ऑपरेशन, हे बायकांनी स्वतः सांगितलंय. जे विधिमंडळात बोललं गेलं ते तालुक्याच्या रंगमंचावर बोलायला मज्जाव का, एवढं सेक्रेटरींना विचार. त्या अहवालाच्या बातमीचं कात्रण पत्राला जोड.

मात्र एक गोष्ट तपासून घे. तुझ्या संहितेत तो चेअरमन कुणीतरी एक जिवंत, ओळखू येणारा माणूस आहे का? त्याच्या बोलण्याची लकब, त्याची गाडी, त्याच्या कारखान्याचं नाव असं काही घातलंयस का? घातलं असशील आणि त्याच्या तोंडी न घडलेलं काही दिलं असशील, तर तो भाग सेन्सॉरशिपचा नाही, बदनामीचा. तो तूच काढ, आजच, कुणी न सांगता. गावातल्या ओळखीच्या वकिलाला संहिता वाचायला दे. वकील नाटकवेडा असेल तर उत्तम, नसला तरी चालेल.

“गोंधळ होईल” या धमकीबद्दल. १९८९ साली रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एक तमिळ सिनेमा होता. तो दाखवला तर लोक खवळतील, असं सरकारचं म्हणणं. न्यायालयाने सांगितलं की निदर्शनांच्या नि हिंसाचाराच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येत नाही, धमकी देणाऱ्याला आवरणं हे सरकारचं काम, आणि ते जमत नाही ही सबब चालणार नाही. म्हणजे गोंधळ घालणाऱ्याला थांबवायचं असतं, नाटकाला नाही. १२ तारखेआधी पोलीस ठाण्यात एक अर्ज देऊन ठेव, शांततेत, तक्रारीच्या सुरात नको.

पण खोटी आशाही दाखवत नाही. घटनेचं १९(१)(क) कलम सरकारला बांधतं, तुमच्या गावच्या नाट्यसंस्थेला नाही. मांडव त्यांचा आहे. ते उद्या “तुमचा प्रयोग रद्द” म्हणाले, तर कोर्ट त्यांना तो लावायला भाग पाडेल असं मला वाटत नाही. नाटक नेहमी सरकारच बंद पाडतं, हाही आपला एक गोड गैरसमज. ‘सखाराम बाइंडर’ला मंडळाने अडवलं, कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकून आले. समोर सरकार होतं म्हणून लढता तरी आलं. ‘घाशीराम कोतवाल’ कुणी थांबवलं? १९७२च्या डिसेंबरात, पुण्यात भरत नाट्य मंदिरात ते सुरू झालं आणि १९ प्रयोगांनंतर बंद केलं ते ज्या संस्थेने बसवलं तिनेच. आपल्याच माणसांनी, आपल्याच घरात, मीटिंग घेऊन. मग ती तरुण मंडळी बाहेर पडली, त्यांनी थिएटर अॅकॅडमी काढली आणि १९७४च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभं केलं. पुढे ते युरोपात जाऊन आलं.

तुमच्याकडे भरत नाट्य नाही, हे मान्य. पण तुझं नाटक ज्यांच्यावर आहे ती माणसं कुठे राहतात? कारखान्याच्या वाडीबाहेर, कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत. गळीत सुरू आहे, मार्चपर्यंत ती तिथेच. महोत्सवाची तारीख गेली तर सतरंजी आणि दोन हॅलोजन घेऊन तिकडे जा. वाचनालयाचा हॉल बघ, एखाद्या शाळेचं पटांगण बघ. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा तरी कुठे नाट्यगृह होतं!

यजमानाच्या मांडवात उभं राहून यजमानाला न आवडणारं बोलता येतं का, हाही तुझ्या पत्रात लपलेला प्रश्न आहे. तुझ्यापासून दीडेक तासावर त्याचं उत्तर दिलं गेलंय, कराडला, १९७५च्या साहित्य संमेलनात. आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रात मंत्री. अध्यक्षा दुर्गाबाई भागवत. आणीबाणीला विरोध करणारे जयप्रकाश नारायण त्या वेळी अंथरुणाला खिळलेले होते. बाईंनी भर संमेलनात त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लोकांना उभं केलं. घोषणा नाहीत, शिव्याशाप नाहीत. आजारी माणसासाठी प्रार्थना, तिला कोण नाही म्हणणार? पण त्या मांडवात तेव्हा जयप्रकाशांचं नाव घेणं म्हणजे काय, हे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. पुढच्या वर्षी बाईंना अटक झाली. मुंबईत एशियाटिक लायब्ररीत नेहमीच्या जागी वाचत बसायच्या त्या, तिथून नेलं.

म्हणजे किंमत पडते. ती मी तुझ्यापासून लपवणार नाही, कारण तू तासिका तत्त्वावर आहेस आणि पुढच्या जूनमध्ये तुला बोलावतील की नाही हे एका माणसाच्या मर्जीवर आहे.

मी जे सदर लिहिते, वाचकांच्या पत्रांना उत्तरं, त्याची मराठीतली सगळ्यात महागडी उत्तरं र. धों. कर्व्यांनी दिली. १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवायचे. संततिनियमनाच्या प्रचारापायी कॉलेजातली गणिताची नोकरी आधीच गेली होती. लोक लैंगिक शंका विचारायचे, ते सरळ उत्तर द्यायचे. १९३४ साली त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. वकील कोण, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा मुद्दा साधा होता : वाचकाने प्रश्न विचारला असेल तर त्याला उत्तर द्यायचं की नाही? अज्ञान ज्ञानाने जाणार नाही तर कशाने जाणार? खटला हरले. दोनशे रुपये दंड. त्याआधी १९३१ सालीही शंभर रुपये दंड भरून झाला होता. आंबेडकर वकील असूनही हरले, हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याला जिंकलेल्यांच्याच गोष्टी सांगायची सवय आहे. कर्वे मासिक काढतच राहिले, १९५३ साली गेले तोवर. पैसा नाही, मान नाही, वर्गणीदार मोजके.

आणि जवळचं उदाहरण हवं असेल तर वसंत दत्तात्रय गुर्जरांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचं घे. बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या अंकात १९९४ साली ती छापली गेली, खटला झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २०१५ साली. प्रकाशक-मुद्रक सुटले, कवीपुढे मात्र खटला तसाच उभा. एका कवितेसाठी २१ वर्षं. अशा वेळी माणसाला शिक्षा होते की नाही याला फारसा अर्थ उरत नाही, तारखा हीच शिक्षा.

आता माझी एक लाजिरवाणी गोष्ट. तिशीत असताना मी एका दिवाळी अंकाचं काम बघायचे. एका कवीची कविता आली होती, गिरणीच्या भोंग्यावरची. शेवटच्या कडव्यात एक ओळ अशी होती की आमचे एक मोठे जाहिरातदार दुखावतील असं मला वाटलं. मला वाटलं, कुणी म्हटलं नव्हतं. मी ती ओळ काढली, वरच्या-खालच्या ओळी सांधल्या, कवीला विचारलंही नाही. अंक निघाला. मी स्वतः प्रत घेऊन जाहिरातदारांकडे गेले. त्यांनी अंक हातात घेतला, स्वतःचं रंगीत पान काढलं, छपाई नीट आलीय ना पाहिलं, अंक मिटला आणि चहा मागवला. कविता कुठल्या पानावर आहे हेही त्यांना माहीत नव्हतं. कवीने भांडण केलं नाही. फक्त पुन्हा कधी कविता पाठवली नाही. आणि ती ओळ, खरं सांगते, आज मला आठवत नाही. मूळ कागद प्रेसमध्येच राहिला.

म्हणून मला तुझ्या सेक्रेटरींचा राग येत नाही. त्या माणसाला मी ओळखते, ते मीच आहे. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचं, मांडववाल्याचं बिल थकलेलं, साहेबांच्या भुवईकडे डोळे लावून बसायचं. साहेब कदाचित काहीच म्हणालेले नसतील. कदाचित त्यांनी तुझी एकांकिका कशावर आहे हेही विचारलेलं नसेल. ‘वरून आलंय’ हे पुष्कळदा खालीच जन्मतं. तुझ्या पत्राने त्यांच्यावर एवढीच वेळ येईल की त्यांना खरोखर वर जाऊन विचारावं लागेल. आणि वर विचारायला जाणं त्यांना तुझ्या नाटकापेक्षा अवघड वाटेल, असा माझा अंदाज आहे.

गटाबद्दल थोडं. तुम्ही नऊ जण आहात आणि नऊ जणांची घरं वेगळी आहेत. “आपण सगळे एक आहोत ना?” असा प्रश्न तालमीत, सगळ्यांसमोर विचारू नकोस. त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही, आणि असा मिळालेला होकार ऐन वेळी तुटतो. एकेकाला चहाला ने आणि एकटं विचार. ज्या मुलाचे वडील कारखान्यात आहेत त्याला तू स्वतःहून सांग की तू बाजूला झालास तरी आमच्यात कुणी तोंड फिरवणार नाही. त्याने राहायचं ठरवलं तर त्याचं नाव पत्रावर नको, जाहिरातीतही नको. त्याचा रोल दुसऱ्याकडून पाठ करून घे, आजपासून. तुझ्या ठाम असण्याचं बिल त्याच्या घरी जाऊ देऊ नकोस.

वडिलांशी वाद घालू नकोस. माशाशी वैर नको म्हणणारा माणूस आयुष्यभर त्याच पाण्यात पोहलाय, त्यांना ते पाणी तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना तालमीला ने. गर्भपिशवीचा प्रसंग बघू देत. मग विचार, “यातलं कुठलं वाक्य खोटं आहे, बाबा?” ते म्हणाले एखादं खोटं आहे, तर ते काढून टाक. म्हणाले की खरं आहे पण बोलू नये, तर निदान घरात तरी प्रश्न स्वच्छ झाला.

भित्री आहेस का, हे मी कसं ठरवू? भीती मलाही वाटली असती. तू एवढं कर : संहितेची एक मूळ प्रत, मंडळाच्या शिक्क्यासकट, पिशवीत घालून कपाटात ठेव. जे काही गाळशील ते दुसऱ्या प्रतीवर गाळ, पेन्सिलीने, आणि समासात तारीख व कुणी सांगितलं ते लिही. माझ्या कवीची ओळ कपाटात असती तर आज या उत्तरात छापली असती.

प्रयोग कुठेही होवो, १२ला मांडवात की नंतर कोप्यांपुढे, तारीख कळव. एसटीने येईन, राहायची सोय बघू नकोस.

आणि एक राहिलंच. फडकं ठेवायचं ठरलं, तर तो प्रसंग रात्रीचा आहे म्हणून निळा प्रकाश मारू नकोस. निळ्या प्रकाशात लाल डाग काळा दिसतो, मागच्या रांगेला तो चिखल वाटेल. दोरीच्या बाजूला एक साधा पिवळा बल्ब लोंबकळत ठेव, कोपीत असतो तसा. आणि आळता वापरू नकोस, धुतल्यावर गुलाबी होतो. गेरूत थोडा कुंकवाचा रंग कालव, आणि तालमीला आधी जुन्या धडप्यावर करून बघ.

तुझी,
ताई